मानेत सुई टोचली, अर्ध्या तासात घरी पाठवलं. पुढचे चार तास कुणाचे?

पोस्ट लांब आहे. पण मानदुखी-खांदेदुखीवर ‘ब्लॉक’ घ्यायचा विचार असेल, किंवा घरातल्या कुणाला त्यासाठी घेऊन जाणार असाल, तर पूर्ण वाचा.

बसस्टँडसमोर, तहसीलच्या भिंतीला आणि आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवरही एक फ्लेक्स फिरतोय. मानदुखी, हाताला मुंग्या, फ्रोझन शोल्डर. ऑपरेशन नाही, ॲडमिट नाही, एका इंजेक्शनमध्ये आराम, त्याच दिवशी घरी. खाली रविवारच्या शिबिराची वेळ. फ्लेक्स कुणाचा ते लिहीत नाही, कारण मुद्दा एका डॉक्टरचा नाही. असे फ्लेक्स आता बऱ्याच गावांत दिसतात. माझं भांडण त्यातल्या शेवटच्या तीन शब्दांशी आहे. ‘त्याच दिवशी घरी.’

मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं मेडिकल दुकान चालवतोय. त्यामुळे माणसं कोणत्या गोळ्या खातात, त्या कशासाठी आहेत असं त्यांना वाटतं, आणि डॉक्टरांना त्यातलं काय सांगतात, हे तिन्ही मला रोज दिसतं. या तिन्हीत केवढी तफावत असते ते पुढे सांगतो.

आधी ‘ब्लॉक’ म्हणजे काय ते. आपल्या मराठीत ‘नस’ या एका शब्दानं मोठा घोळ घातलाय. रक्ताची नळी ती पण नस, संवेदना वाहून नेणारा तंतू तो पण नस, आणि खांद्यात कळ आली तरी नसच चढलेली असते. त्यामुळे ‘नर्व्ह ब्लॉक’ म्हटलं की निम्म्या लोकांना वाटतं, हृदयातला ब्लॉकेज काढतात तसा मानेतल्या नसेचा ब्लॉक काढणार. प्रकार उलटा आहे. इथे काही काढायचं नसतं. वेदनेचे निरोप वाहणाऱ्या तंतूंच्या जवळ बधिर करणारं औषध सोडायचं आणि ती वाट काही काळ बंद करायची, म्हणून ब्लॉक. मानेच्या खालच्या भागात, सहाव्या-सातव्या मणक्याच्या आसपास, अशा तंतूंचा एक गठ्ठा असतो. त्याला स्टेलेट गँग्लिऑन म्हणतात. तिथे दिलेलं इंजेक्शन म्हणजे स्टेलेट गँग्लिऑन ब्लॉक. मानेतले इतरही ब्लॉक आहेत. खांद्याच्या ऑपरेशनला हात बधिर करायला मानेतूनच सुई देतात. पण ते ऑपरेशन थिएटरमध्ये होतं, पेशंट भरती असतो, भूलतज्ज्ञ शेजारी उभा असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आणि हे इंजेक्शन वाईट आहे असंही कुणी म्हणू नये. हात मोडल्यावर हाड जुळतं पण हात आगीसारखा जळत राहतो, सुजतो, रंग बदलतो, असा एक भयंकर आजार आहे. त्यात या ब्लॉकनं माणसं हात हलवायला लागतात. नागिणीनंतरच्या चेहऱ्याच्या, हाताच्या वेदनेत देतात. हृदयाचे ठोके औषधांना न जुमानता पुन्हा पुन्हा बिघडत असतील तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात जीव वाचवायलाही हाच ब्लॉक वापरतात. चांगली चीज आहे. म्हणूनच ती जत्रेतल्या पाळण्यासारखी रांग लावून वाटायची नसते.

मानेत एवढ्याशा जागेत काय काय आहे बघा. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या, थायरॉईडला जाणारी धमनी, शिरांचं जाळं, श्वासनलिका, अन्ननलिका, आवाजाचा तंतू, छातीचा पडदा हलवणारा तंतू, आणि खाली फुफ्फुसाचं टोक. यातून सुई जाते. एखाद्या बारीक रक्तवाहिनीला टोक लागलं तर रक्त बाहेर वाहत नाही. कापसावर एक ठिपका येतो, डॉक्टर दाबून धरतात, झालं असं वाटतं. पण आत घशाच्या मागे, मणक्याच्या पुढे, एक सैल जागा असते. ती कवटीच्या बुडापासून छातीपर्यंत जाते. तिथे रक्त झिरपत राहिलं तर त्याला अडवणारं फारसं काही नसतं. मांडीत एवढं रक्त साठलं तर नुसता काळानिळा डाग पडेल. घशामागे साठलं की ते श्वासनलिकेला पुढे ढकलतं, शिरा दाबल्या जातात, आतलं अस्तर सुजतं आणि वाट अरुंद होत जाते. अशा वेळी नळी घालायला बसलेला तज्ज्ञसुद्धा घामाघूम होतो, कारण आतली ओळखीची जागाच ओळखू येत नाही.

‘सुई ओढून पाहिली, रक्त आलं नाही’ हे उत्तर नेहमी मिळतं. ओढून पाहायलाच हवं. पण त्यावरून एवढंच कळतं की त्या क्षणी सुईचं टोक रक्तवाहिनीच्या आत नव्हतं. जाताना ती आरपार होऊन पुढे गेली का, ते त्यावरून कळत नाही.

आता खरा मुद्दा. हे सगळं टेबलावर होत नाही, नंतर होतं. २००६ साली जपानी डॉक्टरांनी ‘ॲनेस्थेसिऑलॉजी’ या नियतकालिकात या ब्लॉकनंतर घशामागे रक्त साठलेल्या २७ रुग्णांच्या छापील नोंदी एकत्र तपासल्या. जपानमध्ये हा ब्लॉक खूप वापरला जातो, म्हणून तिकडचा अनुभव मोठा. त्यातल्या बऱ्याच जणांना सुई टोचल्या टोचल्या काहीच झालं नव्हतं. त्रास सुरू झाला तो तासांनी. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबात पेशंट चहा पिऊन, बिल भरून, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून घरी पोचल्यावर.

आमच्या दुकानाचे एक जुने गिऱ्हाईक आहेत. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाले, हृदयात स्टेंट आहे. गेल्या वर्षी मानेतून हातात कळ जायची म्हणून एका दवाखान्यात (आपल्या गावातला नाही, नाव विचारू नका) दुपारी हे इंजेक्शन घेतलं. अर्ध्या तासात सोडलं. संध्याकाळी आवाज बसला. फोन केला. ‘नॉर्मल आहे, या इंजेक्शननं आवाज बसतोच, गरम पाणी प्या.’ रात्री साडेआठला सून दुकानात आली, काकांचा घसा बसलाय, चघळायची गोळी द्या म्हणाली. कशानं बसला म्हणून विचारलं तेव्हा मानेच्या इंजेक्शनचं कळलं. आणि काका आडवे होत नाहीयेत, पुढे वाकून बसलेत, थुंकी गिळता येत नाही. त्यावर दुकानात मिळणारं औषध नव्हतं, गाडी हवी होती. जिल्ह्याच्या ठिकाणी पोचले, कशीबशी नळी पडली, सहा दिवस आयसीयू. वाचले. आता येतात दुकानात, आवाज थोडा घोगरा राहिलाय.

त्या डॉक्टरांना मी चोर म्हणणार नाही. ‘नॉर्मल आहे’ हे ते खोटं बोलले नाहीत, आणि भीती तिथेच आहे. या ब्लॉकनंतर आवाज बसणं, घशात गोळा असल्यासारखं वाटणं, त्या बाजूची पापणी उतरणं, डोळा लाल होणं, नाक चोंदणं, हे सगळं होतं. पापणी उतरली म्हणजे औषध योग्य जागी पोचलं असं डॉक्टर समजतात. पण औषधामुळे होणारा त्रास काही मिनिटांत सुरू होतो आणि औषध उतरेल तसा काही तासांत कमी होत जातो. रक्त साठल्याचा त्रास उशिरा सुरू होतो आणि वाढत जातो. फोनवर फक्त एवढं विचारायचं होतं: आवाज इंजेक्शननंतर लगेच बसला की आत्ता? कमी होतोय की वाढतोय? गिळता येतं का? झोपता येतं का? हे चार प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. फोन उचलणाऱ्या माणसाला शिकवावं लागतं, बस्स. त्या दिवशी फोन उचलणारी रिसेप्शनवरची मुलगी होती. तिला बिचारीला जे पाठ करून दिलं तेच ती बोलली.

आता गोळ्यांचं. ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?’ असं विचारलं की दहातले पाच-सहा जण सरळ ‘नाही’ म्हणतात. हा माझा काऊंटरवरचा अंदाज आहे, अभ्यास नव्हे. ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या मते ती ‘हार्टची गोळी’ असते, किंवा ‘कोलेस्टेरॉलची’. इकोस्प्रिन एव्ही घेणाऱ्याला ॲटोर्व्हास्टॅटिन माहीत असतं, त्याच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन आहे हे माहीत नसतं. इकोस्प्रिन गोल्डमध्ये ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही असतात, क्लोपिटॅब-ए मध्येही दोन्ही. व्हॉल्व्ह बदललेले लोक ॲसिट्रॉम घेतात, ते वेगळंच प्रकरण, त्याला आयएनआर तपासावा लागतो. या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. गुठळी व्हायला वेळ लागतो किंवा ती नीट होतच नाही. म्हणजे जे बारीक भोक दोन मिनिटांत बुजायचं ते तासभर झिरपत राहतं. शिवाय मानदुखीचा पेशंट आधीच महिनाभर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या खाऊन आलेला असतो. त्याही रक्त गोठण्यात थोडी ढवळाढवळ करतात. आणि आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू असतो, प्लेटलेट खाली असतात, तेही कुणी विचारत नाही. म्हणून ‘ब्लड थिनर आहे का’ या प्रश्नावर भागत नाही. ‘घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून घेऊन या’ असं सांगावं लागतं. शिबिरात हे होतं का? मागच्या शिबिराचा फॉर्म मी पाहिला. नाव, वय, मोबाईल, आधार, दुखणं कुठे. गोळ्यांचा रकानाच नाही. आधार नंबर हवा होता, गोळ्या नको होत्या.

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या आणि वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून यावर सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्यात, २०१८ साली सुधारल्यात. त्यात हा ब्लॉक रक्तस्रावाच्या मध्यम धोक्याच्या गटात धरलाय आणि क्लोपिडोग्रेल आधी सात दिवस बंद असावं असं म्हटलंय. पण इथे थांबा! हे वाचून कुणीही स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही. स्टेंट नवा असेल आणि गोळी सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन माणूस मानदुखीच्या नादात हृदयविकारानं जाईल. गोळी थांबवायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांनी आणि ब्लॉक देणाऱ्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं असतं. आता रविवारच्या शिबिरात, रांगेत ऐंशी माणसं असताना, कोण कोणाच्या हृदयाच्या डॉक्टरला फोन करणार आहे? ज्याला आज सुई द्यायची त्याची गोळी सात दिवसांपूर्वी थांबलेली असायला हवी होती. म्हणजे ‘आज तपासणी, आजच इंजेक्शन’ ही पद्धत या लोकांसाठी मुळातच चुकीची आहे. त्यात सुधारणा काय करणार?

यावर डॉक्टर मित्र म्हणतात, अरे, हे फार दुर्मीळ आहे, लोकांना घाबरवू नकोस. दुर्मीळ आहे, मान्य. पण हा आकडा येतो कुठून? जिथे नोंद ठेवतात तिथून. जिथे हा ब्लॉक सरावाचे हात देतात, रक्तवाहिन्या बघून देतात, पेशंटला थांबवून ठेवतात, तिथला तो दुर्मीळपणा आहे. आपल्याकडे कोण मोजतंय? गोळीचा दुष्परिणाम झाला तर कळवायला केंद्र सरकारचा पीव्हीपीआय कार्यक्रम आहे, त्याचा फॉर्म मी स्वतः भरतो. सुई टोचताना काय बिघडलं ते कळवायचा फॉर्म माझ्या काऊंटरवर बावीस वर्षांत आलेला नाही. तिकडच्या शिस्तीचा आकडा घ्यायचा आणि इकडच्या शिबिराला चिकटवायचा, हे काही खरं नाही.

दुसरं उत्तर मिळतं सोनोग्राफीचं. सी-आर्मच्या एक्स-रेमध्ये हाड दिसतं, रक्तवाहिनी दिसत नाही. सोनोग्राफीत सुईच्या वाटेत येणाऱ्या धमन्या दिसतात. मग सोनोग्राफी बघून का देत नाही? तर म्हणे, पीसीपीएनडीटी कायदा. प्रत्येक मशीनची नोंदणी, जागेची नोंदणी, कागद, तपासण्या, आणि छोटं मशीन इकडून तिकडे न्यायला बंधनं. यात तथ्य आहे. भूलतज्ज्ञांना या कायद्याचा त्रास होतो, त्यांचा गर्भाशी काही संबंध नसताना होतो. पण हा कायदा आपल्याला कुणी गंमत म्हणून दिलेला नाही. १९८८ साली महाराष्ट्रानं देशात सगळ्यात आधी असा कायदा केला, केंद्राचा १९९४ साली आला, आणि तरीही २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या. २०१७ साली म्हैसाळला ओढ्याकाठी काय सापडलं ते सांगली जिल्हा विसरलेला नाही. तेव्हा मशीन मोकाट सोडा ही मागणी करायला तोंड उरत नाही. भूलतज्ज्ञांच्या नोंदणीची वाट सोपी करा, ती मागणी रास्त आहे, मी सही करेन. पण तोपर्यंत काय? तोपर्यंत ज्याच्याकडे नोंदणी केलेलं मशीन आहे त्यानं ब्लॉक द्यावा. बाकीच्यांनी पेशंट त्याच्याकडे पाठवावा. ‘कायद्यामुळे मला दिसत नाही, म्हणून मी न बघता टोचतो’ हे कुठलं शहाणपण?

आता संमतीपत्र. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली यांच्या खटल्यात सांगितलं की संमती म्हणजे नुसती सही नव्हे. उपचार काय, कशासाठी, दुसरे पर्याय काय, मोठे धोके कोणते, हे पेशंटला कळलं पाहिजे. आपल्याकडे सही घेतात ती इंग्रजी छापील कागदावर, बहुतेक वेळा इंजेक्शनच्या टेबलाकडे जाता जाता. याच निकालाचा आधार घेऊन मला एका डॉक्टरांनी ऐकवलं की अगदी दूरचे, क्वचित होणारे धोके सांगायची कोर्टाचीही सक्ती नाही. बरोबर आहे. निकालात तसं आहे, म्हणजे पेशंट घाबरून गरजेचा उपचार टाळू नये म्हणून. पण तो प्रश्न सुई टोचण्याआधीचा झाला. मी बोलतोय नंतरचं. इंजेक्शन होऊन गेलंय, आता घाबरून टाळण्यासारखं काही उरलेलंच नाही. तेव्हा घरी जाताना एक चिठ्ठी देऊन ‘गिळता येईना, मान फुगली, आवाज उशिरा बसला आणि वाढतोय, आडवं झाल्यावर दम लागतोय, तर थांबू नका’ एवढं मराठीत सांगायला कुठल्या कोर्टानं मनाई केलीय?

कायद्याचं छत्रही फाटकंच आहे. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आहे. २०२१ साली त्याचे नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलं. किती ठिकाणी लावलंय ते तुम्ही बघताच. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्रानं घेतलेलाच नाही. मग खाटा नसलेल्या डे-केअरमध्ये, मंगल कार्यालयात भरवलेल्या शिबिरात, आपत्कालीन नळी आहे का, ऑक्सिजन आहे का, ती वापरणारा माणूस आहे का, हे तपासायला कुणाला पाठवायचं?

आपल्या गावातून जिल्ह्याचं हॉस्पिटल ५५ किलोमीटर. रस्त्याचं काम चालू आहे, किती वर्षं ते विचारू नका. १०८ ला फोन लावला तरी गाडी यायला आणि पोचायला मिळून दीड-दोन तास धरा. पुण्यात ‘त्याच दिवशी घरी’ म्हणजे हॉस्पिटलपासून वीस मिनिटांवर घरी. आपल्याकडे त्याचा अर्थ वस्तीवर, शेतात, रात्री लाईट नसलेल्या ठिकाणी घरी. तेच तीन शब्द दोन जागी सारखे कसे असतील?

म्हणून रविवारच्या शिबिराच्या आयोजकांना (आणि फ्लेक्सवर ज्यांचे हसरे फोटो आहेत त्या सगळ्या नेत्यांना) जाहीर विचारतो. तपासणी करा, व्यायाम शिकवा, गोळ्या द्या, कुणाला ब्लॉक लागेल ते ठरवा, उत्तम काम आहे, मी स्वतः खुर्च्या उचलायला येतो. पण मानेतली सुई शिबिरात देऊ नका. ती हॉस्पिटलात द्या, आधी गोळ्यांची पिशवी बघून द्या, दिल्यावर दुपार तिथेच काढू द्या. लांबून आलेल्याला रात्र गावातच काढायला सांगा. आणि त्या फ्लेक्सवर नोंदणीच्या नंबराशेजारी आणखी एक नंबर छापा, रात्री नऊ वाजता जो डॉक्टर स्वतः उचलेल असा. तो छापायला जमत नसेल तर रविवारी मी मंडपाच्या दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारणार आहे, पिशवीत गोळ्या आणल्यात का. राग येणाऱ्यांनी खुशाल यावा.

ज्यांनी मानेत, पाठीत असं इंजेक्शन घेतलंय त्यांना एक विनंती. तुमच्याकडचं संमतीपत्र आणि घरी जाताना मिळालेली सूचनांची चिठ्ठी असेल तर नाव-पत्ता झाकून फोटो कॉमेंटमध्ये टाका. डॉक्टरचं, हॉस्पिटलचं नावही झाका, इथे कुणाची बदनामी करायची नाही. मराठीत लिहिलेली, रात्रीचा नंबर असलेली एक जरी चिठ्ठी मिळाली तरी मला ती बघायचीय. झेरॉक्स काढून दुकानाच्या काचेला लावतो.